तुरटी चुरचुरली पाहिजे

मी कुणाच्याही खुर्चीत डोळे मिटून बसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मेहुण्याच्या आजारपणामुळे हा माणूस असा झाला. मी पहिल्यापासूनच असा आहे. भाजीवाल्याने वजन केलं की मी भाजीकडे नाही, काट्याकडे बघतो. गिऱ्हाईक 'उद्या येतो' म्हणालं की ते दुसऱ्या दुकानात जाणार हे धरून चालतो. दुकानातले लोक मला हवालदार म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचं दुकान दोन खुर्च्यांचं. दाराजवळच्या खुर्चीवर मी आणि आतल्या खुर्चीवर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा हात इतका हलका की दाढी चालू असताना माणसं घोरायला लागतात. म्हणून सगळे त्याला लोणी म्हणतात. मी लोण्या म्हणतो, तो मला दाजी म्हणतो. वस्तरा धरायला त्याला मीच शिकवलं. आमच्यात शिकणाऱ्याला आधी माणूस मिळत नाही, फुगा मिळतो. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि न फोडता सगळा फेस वस्तऱ्याने उतरवायचा. लोण्याने त्या वेळी इतके फुगे फोडले की त्याची बहीण म्हणाली, याला दुसरं काहीतरी शिकवा. पण एकदा हात बसला तो बसलाच. खोटं कशाला बोलू, दाढीत तो माझ्या पुढे गेला.

दाढी झाली की मी तुरटीचा खडा ओला करून गालावरून फिरवतो. आता बाटलीतलं सुगंधी पाणी निघालंय, पण मला ते पटत नाही. तुरटी खरं बोलते. कुठे बारीकशी चीर गेली असेल तर माणूस बरोबर तिथेच तोंड वाकडं करतो, आणि वस्तरा कुठे चुकला ते मला कळतं. मोठमोठे मिशीवालेसुद्धा एक डोळा बारीक करतातच. डोळा बारीक न करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही एकमेकांची दाढी करतो. आधी मी त्याची, मग तो माझी. त्या दिवशी तो नवीन बुटांबद्दल काहीतरी सांगत होता, मध्येच हसला, आणि जबड्याखाली वस्तरा लागला. चांगलं रक्त आलं. मी तुरटी दाबली. तो बुटांबद्दलच बोलत राहिला. मी पुन्हा दाबली, जरा जोरात. बूट चालूच. मी विचारलं, लागलं का रे? तो म्हणाला, कुठे?

माझ्या मनात पाल चुकचुकली. दिवा जवळ ओढून पाहिलं, तर जबड्याखालची तेवढीच जागा जरा फिकट, कोरडी, घाम न आलेली. त्याला डोळे मिटायला लावले आणि कंगव्याचं टोक टोचून विचारलं, कुठे टोचतंय? तो दोनदा चुकला आणि एकदा म्हणाला, अजून टोचलंच नाही तुम्ही. मग मानेवर बोट फिरवलं, तर कानाखालून एक जाड दोरी खाली गेलेली. रोज दहा माना माझ्या बोटांखालून जातात. अशी दोरी कुणाच्या मानेत नसते. उजव्या कोपराजवळही तसलाच एक फिकट डाग होता. तो उन्हाचा आहे, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला मीच नेलं. त्यांनी कापूस फिरवला, गरम-गार पाण्याच्या नळ्या लावल्या, डागाचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या वेळी स्वच्छ सांगितलं की हा कुष्ठरोग आहे. लोण्या नुसता स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग मीच बोललो. तुकडा दुसऱ्या कुणाचा तर नाही ना, गोळ्या कुठे तयार होतात, जुन्या तर नाहीत ना, एवढ्या गोळ्यांनी दुसरं काही बिघडलं तर जबाबदार कोण, असं बरंच काही. बाईंनी सुरुवातीला उत्तरं दिली. आजार पूर्ण बरा होतो, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांतच तो दुसऱ्याला लागत नाही, कामधंदा करायला हरकत नाही. पुढे मात्र म्हणाल्या की मला आता पेशंटशी बोलायचंय, तुम्ही बाहेर बसा. मी बाहेरच्या बाकावर कान टवकारून बसलो, पण दार जाड होतं. आत त्या त्याला काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.

घरी बायको पोटभर रडली, मग डोळे पुसून मला म्हणाली, तुम्ही त्याला खुर्चीवरून काढणार का? मी म्हणालो, काढायचा प्रश्नच येत नाही. आणि खरंच नव्हता. वस्तरा सोडून लोण्याला दुसरं काही येत नाही आणि नकोही असतं. खुर्ची गेली तर तो माणूस म्हणून उरणार नाही, हे मला दिसत होतं. पण दुकान उघडताना एक गोष्ट मी त्याला बजावली. लोक आपल्यासमोर गळा उघडा टाकून बसतात. हातात जरा जरी फरक वाटला, तर मी तुझ्या हातातला वस्तरा त्याच दिवशी काढून घेईन. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तो फक्त 'बरं' म्हणाला.

गोळ्यांवर माझं डोळ्यात तेल घालून लक्ष होतं. रोजची गोळी तो घरी घ्यायचा, माझ्यासमोर, आणि गिळल्यावर मी त्याला जीभ वर करायला लावायचो. महिन्यातून एकदा मोठा डोस दवाखान्यात नर्ससमोर असायचा. त्या दिवशी लघवी लाल होते, असं औषधवाल्याने मला सांगितलं होतं. आता नर्सला शंभर कामं. म्हणून मी संडासाच्या दाराशी उभा राहिलो आणि तो बाहेर यायच्या आत त्याला म्हणालो, पाणी टाकू नकोस. बायकोने कपाळावर हात मारला. शोभतं का तुम्हाला, म्हणाली. शोभो न शोभो, लाल होती. माझी खात्री पटली.

तिसऱ्या महिन्यात दाढीनंतर मी तुरटी फिरवली, आणि लोण्याने 'स्स्' केलं.

खडा माझ्या हातून निसटलाच. जबड्याखाली, त्याच जागी. मी पुन्हा फिरवला, त्याने पुन्हा तोंड वाकडं केलं आणि हसला. मी तसाच साबणाच्या हातांनी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. तिने त्या दिवशी मला आणि त्याला एकाच वेळी जेवायला वाढलं आणि दोघांकडे बघत बसून राहिली. मी इतका खूश कधी झालो होतो, आठवत नाही.

पण माझा आनंद टिकत नाही, हा माझा दोष म्हणा. त्या रात्री झोप लागेना, कारण ते 'स्स्' माझ्या कानात राहिलं होतं. तुरटीची चुरचुर लागायला एक क्षण जातो. आधी गार लागतं, मग झोंबतं. लोण्याचं 'स्स्' खडा टेकल्याबरोबर आलं होतं.

पुढच्या आठवड्यात बघतो, तर डाग लाल झालेला. फिकट होता तो लाल, फुगलेला, कडेला कातडी ताणून चकाकणारी. आता दाढी करणाऱ्या माणसाला असं लाल काही दिसलं की एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे वस्तरा बाधला. मी पातं बदललं, साबण बदलला, गार पाण्याचा फडका ठेवला आणि त्याला म्हणालो, दोन-चार दिवस दाढी करू नकोस, बसेल. तो पटकन म्हणाला, हो, वस्तराच बाधलाय. लोण्याने माझं म्हणणं एवढ्या पटकन कधी ऐकलंय? तिथेही मला जरा खटकलं.

म्हणून मी एक युक्ती केली. अंगाचा पांढरा साबण घेतला, त्याची तुरटीच्या खड्याएवढी वडी कापली, कडा घासून गोल केल्या आणि तुरटीच्या डबीत ठेवून दिली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फक्त वरचा गाल साफ केला आणि ती साबणाची वडी ओली करून जबड्याखाली टेकवली.

'स्स्,' लोणी म्हणाला आणि डोळा बारीक केला.

मी वडी डबीत ठेवली, त्याचं तोंड पुसलं, टॉवेल झटकला. आतून मात्र संताप झाला होता. हा माणूस माझ्यासमोर बसून नाटक करतोय, आणि तेही रोज माझ्या घरचं खाऊन. पण का करतोय? खरं दुखणं लपवणारे लोक मी पाहिलेत, पण बरं झाल्याचं सोंग करणारा पहिलाच. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते कळेपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं मी ठरवलं.

मग एकेक दिसायला लागलं. फेसाचा डबा लवकर संपत होता. पाती कमी होत होती. दाढीचं गिऱ्हाईक आलं की लोणी कात्री हातात घेऊन म्हणायचा, दाजी, तुम्ही करा, मी यांचं कटिंग घेतो. माझीही दाढी त्याने दोनदा टाळली. एकदा डोकं दुखत होतं, एकदा डोळे. कॉलर वर करून बसायची नवीन सवय लागली होती. दुपारी दुकान दोन तास बंद असतं, तेव्हा तो पूर्वी घरी यायचा. आता म्हणायचा, जेवून परत जातो, तिथेच पडतो जरा. आणि एका सकाळी केर काढताना त्याच्या खुर्चीखाली रबराचा एक लाल तुकडा सापडला. फुग्याचा.

फुगा म्हटल्यावर मला सगळं लख्ख दिसलं. कुणाला तरी शिकवतोय हा. माझ्या दुकानात, माझ्या फेसाने, माझ्या पात्यांनी दुपारी शटर लावून एखादा कारागीर तयार करतोय. रस्त्यापलीकडे शिंप्याशेजारचा गाळा रिकामा होताच. दाढीची गिऱ्हाइकं माझ्याकडे ढकलतोय ते मी थकावं म्हणून, आणि बरं झाल्याचं सोंग करतोय ते गाळ्याच्या मालकाने पाठ फिरवू नये म्हणून. एवढं जुळलं म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

बायकोला सांगितलं तर ती माझ्यावरच उलटली. म्हणाली, माझ्या भावाने गाळा घ्यायचा म्हटलं तर आधी तुमच्याच पाया पडेल तो, आणि तुम्हाला एवढा राग कशाचा आहे, त्याच्या हलक्या हाताचा का? ते मला लागलं. मी म्हणालो, मी पुरावा दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर लोणी दुकानात गेला. थोड्या वेळाने मीही निघालो. दुकानाच्या मागे बोळ आहे आणि बोळात आमच्या पाण्याच्या टाकीवर एक उंच खिडकी आहे. या वयात मी टाकीवर चढलो. गुडघा खरचटला. खिडकीची काच धुळीने अंधुक झालेली, ती बाहीने पुसली आणि आत डोकावलो.

आत दुसरं कुणी नव्हतं.

लोणी एकटाच होता. त्याने खुर्चीच्या पाठीला एक लाल फुगा बांधला होता, त्याला भरपूर फेस लावला होता, आणि फेसाच्या वर जी जागा उरली होती तिथे पेनाने डोळे आणि मिशा काढल्या होत्या. मिशा माझ्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. वस्तरा त्याने डाव्या हातात धरला होता. जीभ दातांत धरून, पहिल्या दिवसाच्या शिकाऊ माणसासारखा, तो डाव्या हाताने माझी दाढी करत होता. उजवा हात मांडीवर पडलेला होता आणि त्याची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं होतं. ती बोटं तो सरळ करत नव्हता. फुगा फुटला. लोण्याने तोंडावरचा फेस पुसला, खिशातून दुसरा फुगा काढला आणि फुगवायला लागला.

मी टाकीवरून कसा उतरलो ते मला ठाऊक नाही. शटर वाजवलं. त्याने उघडलं आणि मला बघून उजवा हात पटकन खिशात घातला.

"हात दाखव," मी म्हणालो.

तो म्हणाला, काही नाही, झोपेत अवघडला. मी त्याचा हात धरून खिशातून बाहेर काढला. बोटं मऊ, गरम, पण माझ्या हातात नुसती पडून राहिली. कोपराला माझा अंगठा लागला तेव्हा मात्र तो कळवळला, आणि ते नाटक नव्हतं. कोपराजवळचा डागही जबड्याखालच्या डागासारखा लाल आणि फुगलेला होता.

मग तो खाली बसला आणि सगळं सांगितलं. डाग लाल झाला तेव्हापासून कोपर ठणकतंय. मग करंगळी ऐकेना, मग शेजारचं बोट. वस्तरा धरला की तो हळूच फिरतो. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी बंद दारामागे त्याला बजावलं होतं की डाग लाल झाला, सुजला, नस दुखली, हात कमजोर वाटला तर त्याच दिवशी ये. पण याने धरलं होतं की लाल झालं म्हणजे रोग वाढला, गोळ्या हरल्या, आता बाईसुद्धा काय करणार. तेव्हा डावा हात तयार होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. नर्ससमोरही कॉलर वर आणि हात खिशात. आणि तुरटीचं 'स्स्' तर त्याच्याही आधीपासूनचं, नुसतं मी खूश व्हावं म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वस्तरा काढून घेतला असता, दाजी."

काढून घेतलाच असता. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसलो आणि मला रडू आलं. दुकानात मी याआधी कधी रडलो नव्हतो. मग शटर तसंच उघडं टाकून आम्ही दवाखान्यात गेलो.

बाई चिडल्या, पण आवाज चढवला नाही. त्यांनी एक कागद त्याच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला दिला आणि हळूच ओढला. कागद अलगद निघून आला. त्यांनी कोपराची नस तपासली, डागाचा नवीन तुकडा काढला आणि लगेच वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. जुन्याही चालू ठेवायच्या होत्या. नस सुजून थोडेच दिवस झालेत, म्हणाल्या, हात परत यायची आशा आहे, पण वचन देत नाही, आणि आणखी थांबला असता तर आशाही नसती. मला या वेळी कुणी बाहेर बसवलं नाही.

पुढच्या तपासणीला त्यांनी आम्हाला आत नेऊन सूक्ष्मदर्शकाखालच्या काचांची दोन चित्रं दाखवली. बाई कातडीतल्या पेशींचाच अभ्यास करत होत्या. दोन्ही तुकडे लोण्याच्या डागाचे होते, एक गोळ्यांच्या आधीचा आणि एक आताचा. मी विचारलं, दोन्ही याचेच कशावरून? बाईंनी काचेवरचा नंबर दाखवला. मी म्हणालो, नंबर कुणीही लिहू शकतं. त्या हसल्या आणि लोण्याकडे बघून म्हणाल्या, हे घरीपण असेच असतात का? लोणी म्हणाला, घरी जास्त.

पहिल्या चित्रात गुलाबी मैदान होतं आणि कुठेकुठे निळे ठिपके. दुसऱ्यात निळ्या ठिपक्यांची एवढी गर्दी की मैदान दिसेना. हे ठिपके म्हणजे शरीराचे पहारेकरी, त्या म्हणाल्या. सुरुवातीला ते पेंगत होते. जंतू त्यांच्या शेजारीच राहत होते, पण कुणी हटकत नव्हतं. गोळ्यांनी जंतू मारले, त्यांचे तुकडे इकडेतिकडे पसरले, आणि तेव्हा कुठे पहारेकऱ्यांना संशय आला. एकदा संशय आल्यावर ते थांबत नाहीत. चोर मेलेला असतो, तरी त्याचं उरलंसुरलं शोधत ते घराच्याच भिंती फोडायला लागतात, आणि त्या गडबडीत शेजारून जाणारी नस चेपली जाते. म्हणजे डाग लाल झाला तो रोग वाढला म्हणून नाही. उलट शरीर जागं झालं म्हणून.

मी म्हणालो, मग असल्या पहारेकऱ्यांना हाकलून द्या.

"हाकलून कसं चालेल? तेच तर राखण करतात," बाई म्हणाल्या. "नवीन गोळ्या त्यांना जरा शांत करतात. नोकरीवर ठेवायचं, पण थोडे दिवस काठी काढून घ्यायची."

लोण्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. नवीन गोळ्यांनी लोण्याचं तोंड गोल झालं, जुन्यांनी रंग सावळला. रोज तो बोटांचा व्यायाम करायचा, आणि बायको त्याच्यासमोर बसून मोजायच्या नादात भाजी करपवायची. मी जीभ वर करायला लावणं बंद केलं. तो स्वतःच सांगायचा, आज एवढं जमलं, आज नाही जमलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी तुरटी फिरवायचो आणि विचारायचो, चुरचुरतं का? तो म्हणायचा, नाही दाजी, अजून नाही. ते 'नाही' ऐकून मला वाईट वाटायचं आणि त्याहून जास्त बरं वाटायचं. साबणाची वडी मी फेकून दिली.

गिऱ्हाइकांना मात्र वास लागला होता. कुणाला काय कळलं आणि कुणी सांगितलं, देव जाणे. सुरुवातीला मी प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघायचो, शिंप्याकडे जरा जास्तच. लोणी फक्त कात्री चालवत होता, तरी बाकावर चार माणसं बसलेली असायची आणि आतली खुर्ची रिकामी. 'बसा ना,' लोणी म्हणायचा. 'नको, मला हवालदारांकडेच करायचीय,' म्हणायचे. मी सांगितलं की त्याचं कुणाला काही लागत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. ते मान हलवायचे आणि बसून राहायचे. अशा लोकांचा राग येतो तो येतोच, पण मी त्यांना काय बोलणार? मीसुद्धा काट्याकडे बघणाराच.

मग तपासणीच्या एका दिवशी बाईंनी बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला. कागद आला नाही. त्यांनी जोरात ओढला, तेव्हा फाटला. बाई म्हणाल्या, ताकद जवळजवळ आलीय. जबड्याखालचा डाग सपाट झाला होता, पण तिथली जाणीव परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. लोण्याने विचारलं, वस्तरा धरू का? बाई म्हणाल्या, धर, पण ज्याचा गळा आहे त्याला आधी विचार.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं होतं. बाकावर शिंपी, छापखान्यातला एक जण, आणखी दोघं. आतली खुर्ची नेहमीसारखी रिकामी. लोण्याने वस्तऱ्यात नवीन पातं घातलं आणि बाकाकडे बघितलं. शिंप्याने पेपर उघडला. लोणी पातं काढून ठेवायला लागला.

माझ्या खुर्चीत एक माणूस अर्धा फेस लावून बसला होता. त्याला म्हणालो, जरा थांबा. ब्रश ठेवला, हात पुसले आणि आतल्या खुर्चीत जाऊन बसलो. टॉवेल स्वतःच गळ्याला लावला.

लोणी आरशात माझ्याकडे बघत राहिला. बाकावर कुणीतरी खाकरलं. मी विचारलं, हात कसा आहे, खरं सांग.

"खरं सांगू? करंगळी अजून पूर्ण ऐकत नाही. खालच्या ओठाजवळ फिरेल की काय, अशी धास्ती आहे मला. बाकी जमेल."

"मग ओठाजवळ सावकाश कर," मी म्हणालो, आणि डोळे मिटले.

फेस गार होता. वस्तरा कानाजवळून खाली आला, थांबला, पुन्हा निघाला. पूर्वीइतका हलका नव्हता. गळ्यावर आला तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली. डोळे उघडावेत असं मला फार वाटलं, पण उघडले नाहीत. ओठाजवळ थोडं कापलं. त्याने तुरटी दाबली, आणि चांगली झोंबली.

शिंप्याने त्यानंतर पेपर मिटला आणि विचारलं, माझा नंबर आतल्या खुर्चीवर लावू का? हे मला नंतर लोण्याने सांगितलं, कारण मी ऐकलं नाही. लोणी म्हणतो मी घोरत होतो. बाकावरचे चौघंही तेच म्हणतात. चौघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. माझा काही विश्वास बसत नाही.